भागूची भीती

मिरजेच्या प्राणिस्मृती संस्थेत एक काचेची खोली होती. तिला मार्जनकक्ष म्हणत. त्या सकाळी खोलीच्या कोपऱ्यात एक कुत्री अंग चोरून बसली होती आणि काचेच्या अलीकडे दोघी डॉक्टर तिच्याकडे बघत उभ्या होत्या. कुत्री जेमतेम वर्षाची असेल. गावठीच, गुळाच्या रंगाची, चारही पंजे तेवढे पांढरे. तिच्या गळ्यातल्या भयमापक पट्ट्यावरचा दिवा आत सोडल्यापासून लालच होता.

"कसला आवाज लावलाय मॅडम?" डॉ. नसरीन मुजावरनं विचारलं. महापालिकेच्या श्वाननिवाऱ्यात ती नव्यानं रुजू झाली होती आणि ही कुत्री तिनंच आणली होती.

"अजून कसलाच नाही," डॉ. यामिनी आरवाडे म्हणाल्या.

"म्हणजे हिला शांततेचीपण भीती वाटायलीय की."

यामिनीबाईंना हसू आलं नाही. पुसायला घेतलेली भीती कशाची आहे हेच कळेना, असा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच आला होता.

निर्भय निवास कायदा येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. चावणारी कुत्री बहुतेक करून भेदरलेली असतात, हे कुणीतरी सरकारला आकडेवारीनिशी पटवून दिलं होतं. कुत्री भेदरतात कशानं हे शोधण्याचे कष्ट घेण्यापेक्षा सरकारनं भेदरण्यावरच बंदी घातली. ज्याच्या पट्ट्यावर वरचेवर लाल दिवा लागतो, त्या कुत्र्यानं माणसांच्या वस्तीत राहायचं नाही. निवारे भरून गेले. मुदतीत दिवा हिरवा झाला नाही तर कुत्र्याला कायमचं झोपवत. अशा वेळी यामिनीबाईंनी भयमार्जनाची पद्धत शोधून काढली आणि हजारो कुत्री वाचली. लोक त्यांना देवमाणूस म्हणत, आणि खोटं कशाला बोला, यामिनीबाईंना ते ऐकायला आवडे.

"मला जरा नीट सांगा की हे," नसरीन म्हणाली. "वाचलंय मी, पण डोक्यात शिरलं नाही."

समजावून सांगायला मिळालं की यामिनीबाई खुलत. "आठवण म्हणजे काही फोटो नव्हे. फोटो कितीदाही काढून बघ, तो तसाच राहतो. आठवण बाहेर काढली की सैल पडते. मेंदूला ती परत पक्की करून ठेवावी लागते, ओलं मडकं भाजून ठेवावं तशी. त्याला काही तास लागतात. त्या काळाला आम्ही शिथिलकाळ म्हणतो."

"आणि त्या काळात भाजूच दिलं नाही तर?"

"तर मडक्याची परत माती होते. आम्ही नाकात विस्मरकाचा फवारा देतो. कुत्रं फटाक्याला भीत असेल तर त्याला फटाक्याचा आवाज ऐकवायचा. भीती जागी झाली की फवारा. पुढं दिवाळी आली तरी ते मजेत शेपूट हलवतं. बाकीचं सगळं शाबूत राहतं. जे आठवलं तेवढंच पुसलं जातं."

"जे आठवलं ते सगळं?"

"जे आठवलं ते सगळं," यामिनीबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या प्रत्येक व्याख्यानात म्हणत आणि टाळ्या घेत. इतक्यांदा म्हटल्यावर त्याचा अर्थ काय होतो, तिकडं त्यांचं स्वतःचंच लक्ष राहिलं नव्हतं.

त्यांनी आवाज लावून बघितले. काठी, मोटारसायकल, पुरुषाचा चढलेला आवाज, पत्र्यावर पडणारा दगड. पडद्यावरची भयरेषा आधीच इतकी वर चढून बसली होती की त्यात कुठला चढ कुठल्या आवाजाचा ते ओळखता येईना. कुत्रीनं तोंड भिंतीकडे केलं होतं.

"हिची मुदत संपत आलीय मॅडम," नसरीन म्हणाली. "अशी वाईट कुत्री न्हाई ओ ही. निवाऱ्यात माणूस नसला की बघा, वाऱ्यासारखी पळते. माणूस दिसला की अशी."

हजारो कुत्र्यांच्या डोक्यात हात घालून बसलेल्या यामिनीबाईंनी घरात कधी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. पण त्यांना हार मानायची सवय नव्हती. "मी घरी नेते हिला," त्या म्हणाल्या. "शांत घरात राहिली की ही वरवरची भीती उतरेल आणि मुळातली उघडी पडेल. ती सापडली की पुसून टाकू. संशोधनाचा भाग म्हणून मुदत वाढवून घे."

"संशोधनाला न्या, न्हाईतर आणि कशाला न्या," नसरीन म्हणाली, "पण न्या."

घरात यामिनीबाई आणि त्यांचे यजमान, दोघंच. नाव सुकुमार, पण गृहस्थ दारातून आत यायचं तर जरा वाकून यावं लागे एवढे थोराड. साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून जन्म काढून निवृत्त झालेले. कुत्रीनं त्यांना एकदा नखशिखांत बघितलं आणि ती धुण्याच्या यंत्रामागं जी शिरली ती दुसऱ्या दिवशीच बाहेर आली.

"ही तर आमची भित्री भागूबाई," सुकुमारराव म्हणाले. तेच नाव पडलं. भागू.

नसरीननं रोज अंडं द्यायला सांगितलं होतं. आरवाड्यांच्या जैन घरात अंड्याचा विषय म्हणजे गहजबच. "ह्या घरात अंडं येणार न्हाई, सांगून ठेवतो," असं सुकुमाररावांनी बजावलं. आठवडाभर भागू दूधभाकरी चिवडत राहिली. मग एके सकाळी सुकुमारराव स्वतःच एक छोटी शेगडी आणि जुनं पातेलं मागच्या गॅलरीत मांडून, नाक वाकडं करून अंडं उकडताना दिसले. उकडून झालं की ते आंघोळ करून मगच घरात येत.

कुणी बघत नाही असं वाटलं की भागूच्या अंगात वारं शिरे. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, गुळगुळीत फरशीवर घसरत, खुर्च्यांवर आदळत ती अशी पळे की खालच्या मजल्यावरून तक्रार यावी. तिनं कुंड्या उकरल्या, चपलेचा अंगठा खाल्ला, पायपुसण्याच्या चिंध्या केल्या. आणि तेवढ्यात कुणी नुसतं खाकरलं तरी शेपूट पोटाशी घेऊन पुन्हा यंत्रामागं. एवढी ताकद अंगात असून ती अशी जीव मुठीत धरून जगते, याचं यामिनीबाईंना वाईट वाटे.

एकदा त्या जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. भागू लांबून लांबून आली, मेथीचा देठ हुंगला, शिंकली आणि पळाली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या पावलावर एक पंजा ठेवून बसली. यामिनीबाई मग पायाला मुंग्या येईपर्यंत हलल्या नाहीत. सुकुमाररावांच्या वाऱ्याला मात्र भागू उभी राहात नसे.

मुळातली भीती सापडली ती मगदुमांच्या दुकानामुळं. इमारतीच्या तळमजल्यावर मगदुमांचं हार्डवेअरचं दुकान होतं. गावातली बाकी दुकानं केव्हाच माणसांशिवाय चालायला लागली होती. मगदूम मात्र दुपारी जेवायला जाताना आपल्या हातानं धाडदिशी शटर ओढत. त्या दिवशी यामिनीबाई नेमक्या घरी होत्या. शटर आदळलं आणि भागू हवेत उडाली. यंत्रामागं न जाता ती थेट यामिनीबाईंच्या अंगावर आली, पदराखाली घुसली आणि तिनं डोकं त्यांच्या काखेत खुपसलं. सगळं अंग लटलट कापत होतं. पट्ट्यावरचा दिवा लाल झाला, मग त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या तसा पिवळा, मग हिरवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. यामिनीबाई दुपारच्या जेवणाला घरी यायला लागल्या. शटर पडायच्या जरा आधी त्या जमिनीवर बैठक मारत आणि पदर सैल सोडत. निरीक्षणासाठी, असं त्या म्हणत. खरं असं की त्यांना त्या शटरची ओढ लागली होती. त्यांच्या हुशारीचं लोकांना कौतुक होतं, त्यांच्या पद्धतीची सरकारला गरज होती. पण एखाद्या जिवानं धावत येऊन फक्त त्यांच्याच काखेत तोंड लपवावं, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"मगदुमाला पेढे दे एकदा," सुकुमारराव चिडवत. "त्याच्या जिवावर तुझी चैन चाललीय."

वाढवून घेतलेली मुदतही संपत आली. सुकुमाररावांनी मगदुमांच्या शटरचा आवाज ध्वनिमुद्रित करून दिला आणि भागू पुन्हा मार्जनकक्षात गेली. पण एकटी सोडताच तिनं पुन्हा तोंड भिंतीकडे केलं, आणि भयरेषा पुन्हा वर जाऊन बसली.

यामिनीबाईंनी चपला काढल्या आणि त्या आत जाऊन जमिनीवर बसल्या. भागू मांडीवर आली.

"मॅडम, नियमात कुत्रं एकटंच लागतं की," ध्वनिवर्धकातून नसरीनचा आवाज आला.

"नियम मीच केलाय. माझ्याजवळ असली की बाकीची भीती उतरते, शटरची तेवढी उरेल. बघ पडद्यावर."

तसंच झालं. रेषा खाली आली, आणि शटरचा आवाज लावताच एकच एक सुळका उठला, इतका स्वच्छ की असा सुळका संस्थेत कुणी पाहिला नव्हता. भागूनं डोकं काखेत खुपसलं. यामिनीबाईंनी एका हातानं तिला पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हातानं फवारा दिला. शिथिलकाळ संपेपर्यंत त्या तिला मांडीवर घेऊन बसल्या. आपण एक कुत्री वाचवली याचा एवढा आनंद त्यांना पूर्वी कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मगदुमांनी शटर ओढलं. भागूनं एक कान वर केला आणि ती नारळाची करवंटी चावत राहिली. दिवा हिरवा. सुकुमाररावांनी सगळ्या इमारतीत पेढे वाटले. मगदुमांनाही दिले, त्यांना कशाचे ते कळलं नाही. यामिनीबाई सवयीनं जमिनीवर बसल्या होत्या. थोड्या वेळानं गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

मूळच गेल्यावर बाकीची भीतीही गळून पडली आणि भागूचं रूपच पालटलं. दूधवाला आला की ती त्याच्या पिशवीत तोंड घाली. जिन्यातल्या पोरांच्या अंगावर उड्या मारी. सुकुमाररावांशी तर तिची अशी गट्टी जमली की दोघं रोज सकाळी कृष्णाघाटावर जायला लागली आणि चिखलात माखून परत यायला लागली. यामिनीबाईंनी हाक मारली तरी ती येई. शेपूट हलवत येई, हात हुंगे आणि जाई. दूधवाल्याकडेही ती अशीच जात असे.

सुरुवातीला यामिनीबाईंनी मनाची समजूत घातली की कुत्री मोकळी झाली म्हणून अशी वागते. मग एका दुपारी त्यांनी जमिनीवर बसून पदर सैल सोडला आणि तिला बोलावलं. भागू आली, पदराचं टोक दातात धरून ओढायला लागली. तो खेळ होता. त्यांनी तिचं डोकं काखेत घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा ती मान काढून घेऊन बाजूला झाली, परक्या बाईनं फार लगट केल्यावर व्हावं तशी. यामिनीबाईंनी पदर आवरून खांद्यावर घेतला.

त्यांनी तिला संस्थेत नेऊन गंधपरीक्षा केली. सुकुमाररावांचा रुमाल हुंगताच पडद्यावर ओळखीची खूण लख्ख उमटली. मगदुमांच्या फडक्याला पुसट उमटली. यामिनीबाईंच्या रुमालाला उमटली ती मार्जनानंतर भेटलेल्या माणसाइतकी. त्याआधीची मेथी, पावलावरचा पंजा, दुपारच्या बैठका, यातलं काही म्हणता काही नव्हतं.

"असं कसं होईल?" यामिनीबाई म्हणाल्या. "मी शटरची भीती पुसली. माझा काय संबंध?"

नसरीन पडद्याकडे बघत होती. "मॅडम, तुम्हीच सांगितलंत, जे आठवलं ते सगळं. शटर पडलं की हिला काय आठवायचं? शटर, आणि त्याच्याबरोबर तुमचा वास, तुमची काख. तुमच्यामाझ्या हिशोबानं त्या दोन आठवणी. हिच्या डोक्यात एकच होती. आणि त्या दिवशी तर तुम्ही तिला मांडीवरच घेऊन बसलेलात."

"आजवर हजारो कुत्र्यांचं मार्जन केलं. एकालाही असं झालं नाही."

"त्यांना जवळ घ्यायला होतं कोण?" नसरीन म्हणाली.

यामिनीबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं.

"कुत्री ठणठणीत हाय," नसरीन जरा मऊ आवाजात म्हणाली. "खाते, पळते, कुणाला भीत न्हाई. जगली. आपल्याला तेच पाहिजे होतं न्हवं?"

तेच पाहिजे होतं. यामिनीबाईंनी मान डोलावली, आणि घरी जाताना रिक्षात रडल्या.

नव्यानं लळा लावायचं त्यांनी मनावर घेतलं. चेंडू आणला, पण गुडघे पळू देईनात. गॅलरीत बसून स्वतः अंडं उकडलं. भागूनं खाल्लं आणि घाटावर जायला दाराशी उभी राहिली. तिला यामिनीबाईंचा राग नव्हता. पण आता तिला कुणाची गरजच उरली नव्हती, फक्त आवड होती, आणि आवडीत तिच्याबरोबर धावणारे सुकुमारराव पहिले होते. संध्याकाळी भागू त्यांच्या पायाशी घोरत पडे. यामिनीबाई वर्तमानपत्राआडून ते बघत. नवऱ्याचा हेवा करायची वेळ त्यांच्यावर लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आली होती, आणि तीही कुत्रीवरून.

त्यात त्या पडल्या शास्त्रज्ञ. दुःख झालं तरी त्याचं समीकरण मांडल्याशिवाय राहवत नाही. भीती अधिक जवळचं माणूस, बरोबर लळा. यातली भीती काढली म्हणून लळा गेला. मग ती परत घातली तर? एकच. लहानशी.

"अहो," एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "मी जवळ बसले असताना तुम्ही मागून काहीतरी आपटाल का? नुसता आवाज. भागू दचकेल इतपत."

सुकुमाररावांचा हात ताटातच थांबला. "काय म्हणालीस?"

"इजा काही नाही हो."

"अगं, वाटंत मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारी माणसं आपण. आणि त्या मुक्या जिवाला मुद्दाम भिवडवायचं? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"गंमत केली," यामिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी आमटी वाढली.

सुकुमारराव घाटावरून परतले की आंघोळ करून मंदिरात जात. दोन दिवसांनी ते गेल्यावर यामिनीबाईंनी स्वयंपाकघरातल्या माळ्याच्या कडेला पराती रचल्या, खालच्या परातीला सुतळी बांधली आणि सुतळीचं टोक हातात घेऊन त्या जमिनीवर बसल्या. आवाज आपल्या अंगावरून आलेला दिसू नये, मागून कुठून तरी यावा, याची त्यांनी काळजी घेतली होती. प्रयोग त्या नेहमीच नेटका करत.

पराती कोसळल्या. भागू किंचाळून भिंतीवर आदळली. तिनं दाराकडे बघितलं. दार बंद होतं आणि सुकुमारराव घरात नव्हते. मग ती आली. पदराखाली घुसली, डोकं काखेत खुपसलं आणि कापत राहिली.

"मी आहे ना," यामिनीबाई तिच्या कानात म्हणाल्या. "मी आहे ना, राणी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहात होतं. ते आनंदाचं होतं, हे सांगायलाच हवं.

तिथंच थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण एकदाच उमटलेला ठसा पुसट होत जातो, तो पक्का करायचा तर पुन्हा पुन्हा उमटवावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दुसऱ्या सकाळी त्यांनी पराती पुन्हा रचल्या. त्याच्या दुसऱ्या सकाळीही. भागू त्यांच्या मागं मागं फिरायला लागली. त्या न्हाणीघरात गेल्या तर दाराशी बसायला लागली. दिवा पिवळा झाला होता, पण यामिनीबाई तिच्याकडे बघत ते तिच्या डोळ्यांत. घाटावर जायला ती कांकू करते म्हणून सुकुमारराव काळजीत पडले, तर यामिनीबाईंनी ताकास तूर लागू दिली नाही.

एका सकाळी सुकुमारराव चष्मा विसरला म्हणून मंदिराच्या वाटेवरून मागं फिरले. ते जिना चढत असतानाच आतून आवाज झाला. दार उघडून ते स्वयंपाकघराशी आले, तेव्हा पराती अजून फरशीवर घरंगळत होत्या. यामिनीबाईंच्या मांडीवर भागू, तिच्या गळ्यात लाल दिवा, आणि यामिनीबाईंच्या मुठीत सुतळी.

सुकुमाररावांनी पायाशी आलेली परात उचलून ओट्यावर ठेवली. मग हळू म्हणाले, "आधी ही कुणाकडं होती कुणास ठाऊक. त्यानंपण असंच केलं असंल. आधी शटर आपटायचं, मग पोटाशी धरायचं."

"मी तसली नाही हो," यामिनीबाई म्हणाल्या.

 सुकुमाररावांनी खाली वाकून हात पुढं केला. "ये भागू, ये." भागू त्यांच्याकडे न जाता काखेत आणखी आत शिरली. आणि सुतळी हातात धरून पकडल्या गेलेल्या त्या बाईला, त्या क्षणीही, आत कुठंतरी जिंकल्यासारखं वाटलं. ते आपल्याला वाटलं, हे तिला स्वतःलाही कळलं. मग मात्र तिला सुकुमाररावांच्या तोंडाकडे बघवेना.

नसरीनला यामिनीबाईंनीच बोलावलं. तिच्यापासून काही लपवलं नाही. ती ऐकत होती आणि भागूच्या पट्ट्याकडे बघत होती.

"भीती ज्या घरात जडली त्या घरात कुत्रं परत द्यायचं न्हाई, असा नियम हाय," ती म्हणाली. "आणि मार्जन होऊन पुन्हा लाल झालेल्याला मुदत मिळत न्हाई. ह्या एक-दोन दिवसांत हिरवा झाला तर ठीक. न्हाईतर मला सुई द्यावी लागंल."

"माझं काय चुकलं मग?" सुकुमारराव म्हणाले. "माझ्याकडं राहू दे की ती."

"घर तेच हाय की ओ काका," नसरीन म्हणाली. सुकुमारराव उठून मागच्या गॅलरीत गेले, ते ती जाईपर्यंत आत आले नाहीत.

मार्जनकक्षात भागूला एकटं ठेवून परातींचा आवाज ऐकवला, तर भयरेषा अर्धवट चढून गढूळ झाली. पुन्हा ऐकवला, पुन्हा तेच. यामिनीबाई काचेच्या अलीकडे उभ्या होत्या. पडदा न बघताच त्यांना सगळं कळलं. या वेळच्या भीतीत आवाज थोडा होता आणि यामिनीबाई पुष्कळ होत्या. त्यांचा वास नसला तर ती पुरती जागी होणार नव्हती, आणि पुरती जागी झाली नाही तर पुरती पुसली जाणार नव्हती. मागच्या वेळी जी चूक झाली, तीच आता रीत होती.

"मला आत जावं लागेल," त्या म्हणाल्या.

नसरीननं दार उघडून दिलं.

त्या जमिनीवर बसल्या. भागू धावत आली. पराती वाजल्या तशी ती पदराखाली शिरली आणि तिनं काखेत डोकं खुपसलं. तिचं गरम नाक, तिचा ऊर फुटेल असा श्वास. जगात त्या एका जागेवर तिचा विश्वास होता. यामिनीबाईंनी फवारा हातात घेतला आणि त्यांचा हात तसाच राहिला. अजून थोडा वेळ, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. अजून थोडा वेळ.

"मॅडम," ध्वनिवर्धकातून नसरीन म्हणाली. "तिला त्रास व्हायलाय."

यामिनीबाईंनी फवारा दिला. मग शिथिलकाळ संपेपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या बसून राहिल्या. कापणं हळूहळू थांबलं आणि भागूला झोप लागली. उठल्यावर तिनं आळस दिला, मांडीवरून खाली उतरली आणि काचेपलीकडच्या नसरीनला बघून शेपूट हलवली. दिवा हिरवा होता.

पुढच्या आठवड्यात जयसिंगपूरचं एक तरुण जोडपं भागूला न्यायला निवाऱ्यात आलं. सुकुमाररावांना यायची बंदी होती. तिनं ओळखलं असतं आणि ती त्यांच्यामागं धावली असती. घरात नवराबायकोचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. यामिनीबाईंना मात्र यायला कुणाची हरकत नव्हती. नव्या पालकांच्या शंका फेडायला त्या तज्ज्ञ म्हणून हजर होत्या. भागूनं त्यांच्या चपला हुंगल्या, अनोळखी माणसाच्या हुंगाव्यात तशा नीट हुंगल्या आणि ती पुढं गेली.

"आधी कुणी पाळली होती का हो हिला?" त्या तरुण बाईनं विचारलं.

नसरीन दुसरीकडे बघायला लागली.

"हो," यामिनीबाई म्हणाल्या. "मिरजेतलेच एक गृहस्थ होते. हिच्याबरोबर घाटावर पळायचे. तुम्हीही पळवा, अंगात फार जोर आहे तिच्या."

"हे दिवसभर कामावर असतात. मीच असणार घरात," ती बाई भागूचे कान कुरवाळत म्हणाली. "म्हणून विचारते, बाईमाणसाची सवय आहे ना हिला?"

"नाही," यामिनीबाई म्हणाल्या. "त्या घरात बाई नव्हती."